ठरवताना सौम्य आधी, करताना तीव्र आधी: गाडीच्या पॉलिशचा क्रम

बडोद्यात गाडीच्या रंगाचं काम करणाऱ्या बऱ्याच दुकानांच्या दरपत्रकावर एकच माळ असते: रबिंग, पॉलिश, वॅक्स, कोटिंग. गाडी दोन वर्षांची असो की बारा, काळी असो की पांढरी, माळ तीच. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘साहेब, बधुं नीकळी जशे’ (सगळं निघून जाईल). निघतं हे खरंच. ओरखड्यांबरोबर आणखी काय निघतं, ते मात्र दरपत्रकावर नसतं.

हा लेख स्वतः मशीन हातात घेणाऱ्यांसाठी आहे, आणि दुसऱ्याकडून काम करून घेताना नेमकं काय मागायचं हे समजून घ्यायचं असेल तर त्यांच्यासाठीही. माझं म्हणणं असं की प्रत्यक्ष काम तीव्राकडून सौम्याकडे जातं: आधी कंपाउंड (जास्त घासणारं द्रव, ‘रबिंग’ त्याचंच), मग पॉलिश, मग फिनिशिंग (सगळ्यात सौम्य पॉलिश). पण यातले कुठले टप्पे आपल्या गाडीला लागणार, हे ठरवताना चाल उलटी हवी. सगळ्यात सौम्य जोडीने (मशीनला लावायचा पॅड आणि त्यावरचं द्रव) सुरुवात करायची आणि काम होत नसेल तरच एक पायरी वर चढायचं. दरपत्रकवाले ठरवण्याचा भाग वगळतात आणि थेट वरच्या पायरीवरून उतरायला लागतात.

मुळात हाताशी आहे किती

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वर मोजत गेलं तर गंज रोखणारा इलेक्ट्रोकोट, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून जाडी साधारण ९० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यात आपल्या कामाचा तो फक्त क्लिअर कोट, सहसा ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमक त्याचीच, ओरखडे त्याच्यावरचेच, आणि खालच्या रंगाला उन्हापासून राखणारी अतिनील-रोधक द्रव्यंही त्याच्यातच असतात.

पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणणं. कंपाउंडच्या एका हाताला पॅड, दाब आणि वेळ यांनुसार साधारण एक ते तीन मायक्रॉन जातात, फिनिशिंगला एकापेक्षाही कमी. ही मुदत ठेव आहे असं समजा. मोडता येते, पण परत भरता येत नाही. गाडीच्या अख्ख्या आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये, असा एक सावध अंदाज धरून चालावं. दर दिवाळीला ‘रबिंग’ करून घेणाऱ्याचा हिशेब चार-पाच वर्षांत कुठे जातो ते यावरून काढा.

काही गाड्यांना क्लिअर कोटच नसतो. बऱ्याच जुन्या गाड्या आणि काही साधे, मेटॅलिक नसलेले रंग एकथरी असतात. ओळखायचं कसं? पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एखाद्या आडोशाच्या जागी घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर थर एकच आहे (पांढऱ्या गाडीला काळं फडकं घ्या). अशा गाडीच्या पॅडवर रंग दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण क्लिअर कोटवाल्या लाल गाडीच्या पॅडवर लाल दिसलं तर मशीन तिथेच बंद करा. मॅट रंगाला आणि रॅप केलेल्या (वरून फिल्म चिकटवलेल्या) गाडीला तर कंपाउंड लावायचंच नाही, विषय संपला.

पॉलिशच्या आधीची धुलाई

इथे क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे: धुणं, डांबर, लोखंड, क्षार, क्ले. यातल्या प्रत्येकाला कारण आहे.

धुण्याआधी नुसत्या पाण्याचा भरपूर मारा. पतंगाच्या दिवसांतली धूळ असो, नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर रात्रभर उभ्या गाडीवर बसलेली माती असो की गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल असो, जे पाण्याने जातं त्याला कपडा लावायचा नाही. मग शाम्पू आणि दोन बादल्या: एकीत साबण, दुसरीत मिट (धुण्याचा हातमोजा) खंगाळायला साधं पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्या सोसायट्यांत शिरलं, तिथल्या गाड्यांचं काम निघालं तर दरवाज्यांच्या खालच्या शिवणी, रबर बीडिंगच्या मागची खाच, डिकीची नळी आणि आरशांचे सांधे आधी पाण्याने आणि हवेने साफ करा. वर्ष उलटलं तरी या फटींत गाळ बसलेला असतो. मशीनच्या थरथरीने तो पॅडखाली आला की आपण वाळूने पॉलिश करतोय.

धुऊन झाल्यावर डांबराचे ठिपके, टार रिमूव्हरने. डांबराखाली लोखंडाचा कण दबलेला असू शकतो, म्हणून आधी डांबर. मग आयर्न रिमूव्हर. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेशनच्या शेडबाहेर रोज गाडी लावणाऱ्यांनी हा टप्पा अजिबात टाळू नये. ग्राइंडरचा उडालेला लोखंडी कीस रंगात रुततो आणि गंजतो; पांढऱ्या गाडीवर केशरी टिंब दिसतात, काळ्या गाडीवर दिसत नाहीत पण हाताला लागतात. आयर्न रिमूव्हर मारल्यावर मिनिटाभरात त्या टिंबांतून जांभळे ओघळ सुटतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तीन ते पाच मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, उन्हात मारू नका, भरपूर पाण्याने काढा.

यानंतर क्षार. आपल्याकडे ज्या सोसायट्यांत बोअरचं पाणी आहे तिथे वॉचमनने सकाळी पाइपने धुतलेली गाडी उन्हात वाळते आणि बॉनेटवर पांढरी गोल वर्तुळं राहतात. ताजी असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, फडकं ओलं करून मिनिटभर ठेवलं तरी विरघळतात. नाहीतर वॉटर स्पॉट रिमूव्हर. दोन्ही आम्लं आहेत, त्यामुळे सावलीत आणि नंतर स्वच्छ धुऊन. क्षार गेल्यावरही वर्तुळाचा खड्डा उरला, तर मात्र क्षाराने क्लिअर कोट खाल्लाय. ते पॉलिशचं काम. हा फरक आधी कळला नाही तर माणूस क्षाराच्या डागावर कंपाउंड घासत बसतो.

शेवटी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तरच क्ले, गुळगुळीत असेल तर नको. भरपूर लुब्रिकंट, हलका हात, सरळ रेषेत. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, कितीही महाग असला तरी. क्ले स्वतःच बारीक खुणा सोडतो, म्हणून पुढे पॉलिश करायचंच नसेल तर काळ्या गाडीवर उगाच फिरवू नका.

बघायचं कशात

ट्यूबलाइटखाली कुठलीही गाडी सुंदर दिसते. दिवाळीच्या सीरिजखाली तर विचारूच नका. ओरखडे दिसायला एका बिंदूतून येणारा उजेड लागतो: ऊन, किंवा एकच एलईडी असलेली टॉर्च. टॉर्च फूटभरावर धरून तिरकी फिरवली की उजेडाच्या भोवती गोल गोल बारीक रेघांचं जाळं दिसतं. ते स्वर्ल, चुकीच्या धुण्याने आलेले. उन्हात चालताना सोबत सरकणारे रुंद, धुरकट पट्टे दिसले तर ते होलोग्राम, म्हणजे आधी कुणीतरी रोटरी मशीन (पॅड नुसता गोल फिरवणारं) फिरवून फिनिशिंग न करता गाडी परत दिलीय. पक्ष्यांच्या विष्ठेचा खड्डा, क्षाराचं वर्तुळ, एकटा खोल ओरखडा, छतावरचा फिकट मेणचट थर, प्रत्येकाची जागा लक्षात ठेवा. मी मास्किंग टेपच्या तुकड्यावर लिहून शेजारी चिकटवतो.

नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने पूर्ण जाणार नाही. त्याच्या कडा गोल होऊन तो कमी दिसेल इतकंच.

जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर प्रत्येक भागावर चार-पाच जागी लावा. १०० ते १४० च्या आसपास आकडे सगळीकडे सारखे असतील तर कंपनीचा रंग. एका दरवाज्यावर अचानक २५० आला तर तो पुन्हा रंगवलाय, पाचशे-सातशे आला तर खाली पुट्टी आहे. उलट एखाद्या कडेला ८० च्या खाली आला तर तिथे आधीच कुणाचा तरी हात पडलाय. मात्र हे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. आणि साधं यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाही.

बघून झालं की टेप. त्याआधी फटींतलं पाणी हवेने काढा, नाहीतर टेप सुटतो. रबर बीडिंग, खरखरीत काळं प्लास्टिक, नावाची अक्षरं, वायपरचे फवारे आणि बॉनेटच्या धारदार कडा झाका. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा दाब तिथेच एकवटतो. टेप मास्किंगचाच, पार्सलचा खाकी नको.

टेस्ट स्पॉट: सगळा निर्णय दीड फुटात

टेपने साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोन आखा. जागा अशी निवडा जिथे गाडीचा सरासरी त्रास आहे: बॉनेटचा किंवा डिकीचा सपाट भाग. सगळ्यात वाईट जागा निवडली तर अख्ख्या गाडीला गरजेपेक्षा जास्त औषध लिहून होतं.

आता पायऱ्या. सगळ्यात खाली मऊ फिनिशिंग फोम आणि फिनिशिंग पॉलिश. त्यावर मधला पॉलिशिंग फोम आणि तेच पॉलिश. मग पॉलिशिंग फोम आणि मध्यम पॉलिश. मग कडक कटिंग फोम आणि कंपाउंड. सगळ्यात वर मायक्रोफायबर किंवा लोकरी पॅड आणि कंपाउंड. त्याच्याही वर २००० ते ३००० नंबरचा पाणीपेपर, तो घरी नको. पॅडच्या रंगावर जाऊ नका; एका कंपनीचा पिवळा कटिंगचा तर दुसरीचा पिवळा फिनिशिंगचा असतो.

सुरुवात खालून पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीने. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी पॅड बदला, मग द्रव, मग वेग किंवा दाब. तिन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि मग माणूस घाबरून सगळ्यात वरची जोडी उचलतो.

प्रत्येक प्रयत्नानंतर चौकोन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एक भाग अल्कोहोल आणि चार-पाच भाग डिस्टिल्ड वॉटर. बहुतेक पॉलिशमध्ये तेल असतं, ते ओरखड्यात बसतं आणि ओरखडा गेल्यासारखा वाटतो. अल्कोहोल ते तेल काढतं. हा पुसा न मारता घेतलेला निर्णय पहिल्या दोन धुण्यांत उघडा पडतो.

कारेलीबागेत माझ्या मावसभावाची काळी सेडान आहे. त्याला एकाने थ्री-स्टेप सांगितलं होतं, लोकरी पॅडपासून. आम्ही बॉनेटवर चौकोन आखला. फिनिशिंग फोमने चमक वाढली, जाळं निम्मं राहिलं. पॅड तेवढा बदलून पॉलिशिंग फोम लावला, द्रव तोच ठेवला. अल्कोहोलने पुसून टॉर्च फिरवली तर चौकोनाच्या आत उजेडाचा एकच कडक ठिपका, आणि टेपच्या पलीकडे जाळं जसंच्या तसं. टेप काढल्यावर ती सीमारेषा इतकी स्पष्ट होती की वहिनी चहा घेऊन आल्या त्यांनाही टॉर्चशिवाय दिसली.

‘दादा, पण डिकीवरचा तो लांब ओरखडा?’ भावाने विचारलं.

‘नख अडकतंय का?’

‘अडकतंय.’

‘मग तो राहू दे. त्याच्यासाठी सगळी डिकी कशाला पातळ करतोस?’

थ्री-स्टेप सांगितलेली गाडी एका टप्प्यात झाली. सगळ्याच होतात असं नाही. होंडासारख्या जपानी गाड्यांचा क्लिअर कोट बऱ्याचदा मऊ असतो आणि लवकर मानतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांवर हीच जोडी लावून तुम्ही अर्धा तास घासलंत तरी जाळं हलणार नाही. पण हाही ढोबळ अनुभव आहे. त्याच गाडीचा नंतर रंगवलेला दरवाजा वेगळा वागतो, म्हणून यंत्रावर वेगळा आकडा दाखवणाऱ्या भागाचा टेस्ट स्पॉट वेगळा घ्यायचा.

एक टप्पा, दोन की तीन

चौकोनात चारपैकी एक गोष्ट दिसेल. ओरखडे गेले आणि चमक स्वच्छ आहे: एकच टप्पा, याच जोडीने. ओरखडे गेले पण धुरकटपणा आला: हा पहिला टप्पा झाला, वर फिनिशिंगचा दुसरा लागेल, तोही याच चौकोनात करून बघा. चमक स्वच्छ आहे पण थोडे ओरखडे उरले: इथे पायरी चढायची की एवढ्यावर थांबायचं, हा तुमचा निर्णय. रोज रस्त्यावर उभी राहणारी गाडी असेल तर मी थांबतो. आणि ओरखडेही तसेच, धुरकटपणाही आला: जोडी चुकली, पॅड मळलाय, किंवा पत्रा तापलाय.

तिसरा, मधला टप्पा कधी लागतो? पहिल्या टप्प्याने सोडलेल्या खुणा शेवटच्या टप्प्याच्या आवाक्याबाहेर असतील तेव्हाच. रोटरीवर लोकरी पॅड आणि कडक कंपाउंड फिरवलं तर त्याच्या खुणा मऊ फिनिशिंग फोमने पुसल्या जात नाहीत, त्या खोल असतात. मध्ये पॉलिशिंग फोम आणि मध्यम पॉलिशची पायरी टाकावी लागते. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर (पॅड फिरता फिरता हलतोही) कटिंग फोमने काम झालं असेल तर बहुधा लागत नाही. म्हणजे तीन टप्पे ही उच्च दर्जाची खूण नव्हे. पहिला टप्पा किती आडदांड होता याचा तो परिणाम आहे. पायऱ्यांमधलं अंतर फार असलं तर वरच्या खुणा राहतात, फार कमी असलं तर उगाच आणखी क्लिअर कोट जातो.

एक अपवाद सांगून ठेवतो. काळ्या, मऊ रंगावर मायक्रोफायबर पॅड जाळं झटक्यात काढतो, पण स्वतःचा असा धुरकटपणा सोडतो की फिनिशिंगला दुप्पट वेळ लागतो. तिथे फोमवरच थांबून एक हात जास्त मारणं परवडतं.

मशीनबद्दल: नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शनच घ्यावं, १५ मिलिमीटर थ्रोचं (पॅडच्या हलण्याचा व्यास) सगळीकडे चालतं. रोटरी जोरदार आहे, पण एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं तर रंग जळतो. बंपर तर लगेचच, कारण प्लास्टिक उष्णता पसरवत नाही. ड्रिलला लावायचे पॅड मिळतात. त्यांच्या नादी लागू नका.

पूर्ण गाडीवर क्रम

प्रश्न असा येतो की एक भाग घेऊन त्याचं कंपाउंड आणि फिनिशिंग दोन्ही संपवावं, की आधी सगळ्या गाडीचं कंपाउंड आणि मग सगळ्या गाडीचं फिनिशिंग? मी दुसऱ्या बाजूचा आहे. कंपाउंड उडतं, आणि बॉनेट चकचकीत झाल्यावर छतावरून त्याच्यावर पांढरी पूड पडली की ती पुसताना नव्या खुणा येतात. शिवाय दोन पॅड, दोन बाटल्या आलटून पालटून वापरताना कटिंगचा कण फिनिशिंगच्या पॅडवर जातोच.

वरून खाली या: छत, बॉनेट, डिकी, मग दरवाज्यांचे वरचे दोन-तृतीयांश भाग, मग मडगार्ड, मग दरवाज्यांचा खालचा भाग, बंपर शेवटी. खालच्या भागावर कितीही धुतलं तरी माती उरते, तिथला पॅड वर न्यायचा नाही.

काम दोन दिवसांत विभागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी थेट फिनिशिंग सुरू करू नका. रात्रभरात धूळ बसते. हलकं धुऊन, वाळवून, अल्कोहोलने पुसून मगच पुढे. हा मधला पुसा कंपाउंडचे उरलेले कणही काढतो, त्यामुळे एका दिवसात करत असाल तरी तो चुकवायचा नाही.

हात कसा चालवायचा

नव्या पॅडवर पॉलिश पातळ पसरून त्याला ओलसर करून घ्या, नंतर प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त टाकलं तर पॅड भरतो आणि घासायचा थांबतो. मशीन पत्र्यावर टेकवून मगच सुरू करा. एक नंबरवर पसरा, मग चार-पाचवर न्या. हात सावकाश, सेकंदाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर; आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला. असे चार ते सहा फेरे, शेवटचा फेरा दाब न देता. बॅकिंग प्लेटवर (पॅड जिला चिकटतो त्या चकतीवर) मार्करने काळी रेघ मारून ठेवा. रेघ गोल फिरताना दिसते तोवर पॅड काम करतोय. नुसती थरथरायला लागली तर दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरका पडलाय.

काही कंपाउंडचे कण घासता घासता बारीक होत जातात, त्यांना शेवटपर्यंत चालवावं लागतं. काहींचे होत नाहीत, ती लवकर थांबवली तरी चालतात. बाटलीवर लिहिलेलं वाचा.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करा, आणि दोन-तीन भागांनंतर पॅडच बदला. तापलेला, भिजलेला फोम मऊ पडतो. मग वाटतं कंपाउंड कमी पडतंय आणि माणूस वरची पायरी धरतो, खरी गरज कोरड्या पॅडची असताना. एका हॅचबॅकला मुख्य कामाचे चार-पाच पॅड आणि फिनिशिंगचे दोन-तीन हाताशी हवेत. पैसे वाचवायचेच असतील तर महाग बाटलीवर वाचवा, पॅडवर नाही.

पत्र्यावर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हातला काळा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. द्रव सुकून पूड होते, पूड पुसताना ओरखडे येतात, आणि गरम क्लिअर कोट मऊ पडल्याने जास्त निघतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे, पार्किंगच्या सावलीत, गाडी रात्रभर थंड झाल्यावर.

बाहेरून करून घेताना

तीन प्रश्न पुरतात. आधी टेस्ट स्पॉट दाखवाल का? अल्कोहोलने पुसून उन्हात दाखवाल का? कुठल्या पॅडपासून सुरुवात करणार? पहिल्याला ‘गरज नाही’ असं उत्तर आलं तर गाडीची किल्ली देऊ नका. कोटिंगची पाच वर्षांची हमी दाखवली तरी नाही, कारण ती हमी कोटिंगची आहे, खालच्या क्लिअर कोटची नाही.

आणि नुकताच रंगवलेला भाग असेल तर पेंटरला विचारा. बॉडीशॉपच्या रंगातलं सॉल्व्हंट उडायला वेळ लागतो, त्यावर लगेच वॅक्स किंवा कोटिंग बसवू नये. साधारण महिना-दोन महिने थांबायला सांगतात.

वरचा थर आणि वर्षातला मुहूर्त

फिनिशिंग झालं की शेवटचा अल्कोहोलचा पुसा, मग संरक्षण. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर त्याच्या आधी काहीही लावायचं नाही, ग्लेझ (ओरखडे झाकणारं तेलकट द्रव) नाही, वॅक्स नाही. त्याला नागडा क्लिअर कोट लागतो. सीलंट (कृत्रिम संरक्षक थर) आणि वॅक्स दोन्ही हवे असतील तर सीलंट खाली, वॅक्स वर. ऑल-इन-वन बाटली पॉलिश आणि संरक्षण एकदम करते; टेस्ट स्पॉट एकाच टप्प्यात सुटला असेल आणि गाडी उघड्यावर राहत असेल तर मला ती पूर्ण पटते, पण तिच्यावर सिरॅमिक बसत नाही.

पावसाळा संपला की दिवाळीच्या आगेमागे हे काम धरावं, ते फेब्रुवारीपर्यंत. उत्तरायणाच्या आठवड्यात नको: काच लावलेला मांजा गाडीवर पडतो, आणि कुणीतरी तो ओढून काढतो. डिसेंबर-जानेवारीत कोटिंग केलंत तर पहिल्या रात्री गाडी छपराखाली हवी, पहाटेचं दव ताज्या थरावर डाग पाडतं. नंतर आठवडाभर शाम्पू नाही. आणि वॉचमनला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की उद्यापासून बोअरचा पाइप या गाडीवर धरायचा नाही.